भूमिकेचा रकाना

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी निकेश सहारेच्या फोनवर अनोळखी नंबर आला. पलीकडून एका बाईंनी हिंदीत विचारलं, “इन्स्पेक्टर निकेश सहारे जी बोल रहे हैं?”

“हां, बोलिए,” निकेश म्हणाला.

पुढे जे झालं ते या दोन शब्दांमुळे झालं. पण त्या शब्दांत खोटं काही नव्हतं. चिमूरपासून वडशापर्यंत निम्मं जग निकेशला इन्स्पेक्टर म्हणूनच ओळखत होतं. झाडीपट्टीच्या नाटकांत तो अकरा हंगाम इन्स्पेक्टर होत आला होता. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की होळीपर्यंत रोज एक गाव, रोज एक पेंडॉल. पडदा वर जायचा तो रात्री दहाला आणि खाली यायचा तो कोंबडा आरवल्यावर. चौथ्या अंकात निकेश खाकी वर्दीत प्रवेश करायचा आणि सल्यूट ठोकायचा, की मागच्या रांगेपर्यंत शिट्ट्या वाजायच्या. चहावाला त्याला इन्स्पेक्टर म्हणे, एसटीचा कंडक्टर म्हणे. त्याच्या मुलीच्या वर्गशिक्षिकेने पहिल्या दिवशी हजेरी घेताना तिला विचारलं होतं, “इन्स्पेक्टरची का तू?”

त्यामुळे फोनवरच्या बाईंनी इन्स्पेक्टर म्हटलं तेव्हा त्याला फक्त एवढंच वाटलं, की आपलं नाव पार कोळशाच्या कंपनीपर्यंत पोचलेलं दिसतं.

बाई कंपनीच्या एचआर विभागातल्या होत्या. माजरीकडे एका खासगी कोळसा वाहतूक कंपनीचं यार्ड होतं आणि तिथे सुरक्षा पर्यवेक्षक हवा होता. निकेशने दहा दिवसांपूर्वी अर्ज पाठवला होता. तो खुर्चीत ताठ बसला. दाराशी उभ्या असलेल्या बायकोला, रश्मीला, त्याने हाताने खूण केली. तिने गॅस बंद केला.

मॅडमनी आदराने चौकशी केली. आता काम का सोडलं, असं विचारलं. निकेशने खरं ते सांगितलं. मागच्या हंगामाच्या शेवटी कुरखेड्याकडे फायटिंगमध्ये गुडघा गेला होता. समोरून सात-आठ जण आले आणि तो उंचावरून खाली पडला. मग मॅडमनी हळू आवाजात विचारलं, “सर, ये पळसफूल कोई ऑपरेशन था क्या?”

‘पळसफूल नाट्यरंग’ हे त्याच्या नाटक कंपनीचं नाव. “हां मॅडम, पळसफूलमेंच था मैं. अकरा साल. सब काम रात काच रहता,” निकेश म्हणाला. फोनची रेंज तेव्हाच गेली. पुन्हा आली तेव्हा मॅडम म्हणत होत्या की, अशा माणसाशी बोलायला मिळालं हे त्यांचं भाग्य आहे. मुलाखत गुरुवारी अकरा वाजता होती.

निकेशने फोन ठेवला आणि रश्मीकडे पाहिलं. “मले भाग्य म्हणाली ते,” तो म्हणाला.

“कोणाचं भाग्य? नोकरी कोणाले पायजे, तिले का तुमाले?” रश्मी म्हणाली. ती आशा सेविका होती. घरोघरी जाऊन माहिती लिहून घेण्याचं तिचं काम असल्यामुळे प्रश्न आणि उत्तर जुळत नसलं तर ते तिला लगेच कळायचं.

नोकरी हवी होती हे खरं. डॉक्टरांनी गुडघ्यावरून उडी मारायला मनाई केली होती, आणि उडी न मारणारा इन्स्पेक्टर झाडीपट्टीत चालत नाही. नाटक कंपनीचे निर्माते मुखरूजी यांनी यंदा त्याला सासऱ्याचं काम देऊ केलं होतं. सासरा पहिल्या अंकात खाटेवर असतो आणि दुसऱ्यात मरतो. निकेशचं वय अडतीस होतं. दोन रात्री त्याला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी रश्मीने सांगितलं की सासरा व्हायचं तर पोरीचं लग्न झाल्यावर व्हा. यंदा मंडईला तुम्ही घरी दिसले पाहिजे. पोरीने बापासोबत मंडई कधी पाहिलीच नव्हती. तिने बाप पाहिला होता तो पेंडॉलमध्ये, दुरून, मिशी लावलेला.

सोमवारी दुपारी निकेश बसस्टँडसमोरच्या झेरॉक्स सेंटरमध्ये गेला. मुलाखतीआधी आपल्या अर्जात काय आहे ते एकदा समजून घ्यावं, एवढाच हेतू होता. अर्ज इंग्रजीत होता आणि निकेशचं बी.ए. मराठी साहित्यात झालं होतं.

सेंटर दिव्यानी चालवायची. चोवीस वर्षांची, कामाला चटपटीत, आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलेली. परिणामकारक बायोडाटा कसा असावा यावरचे तिने चार व्हिडिओ पाहिले होते. त्या सगळ्यांचं सार तिने निकेशला आधीच सांगितलं होतं: बायोडाटा एका पानाचा पाहिजे, साहेब लोक तो सहा सेकंदांत वाचतात, आणि त्यात कर्तृत्व दिसलं पाहिजे, कहाणी नाही. निकेशने तिला हाताने लिहिलेली फुलस्केपची पाच पानं दिली होती. पाचाचं एक करणं हे तिचं काम होतं आणि ते तिने मन लावून केलं होतं.

“वाचून दाखव नं बाई जरा, मराठीत,” निकेश म्हणाला.

दिव्यानीने संगणकावर पान उघडलं आणि वाचलं, “संस्था, पळसफूल, वडसा. रोल, पोलीस इन्स्पेक्टर. अकरा वर्षं.”

“नाट्यरंग कुठी गेलं?”

“त्या चौकटीत बसत नव्हतं भाऊ. पळसफूलच बसलं.”

“आन नाटकाचं नाव? म्या लिवलं होतं नं, ‘सासूबाई, पोलीस आले’?”

“त्याचं इंग्रजी काय करू मी? सासूबाईचं इंग्रजी केलं तं दोन ओळी जाते.”

निकेश पडद्याकडे वाकला. “पण ते रोल आहे, असं तं लिवलं नं?”

“लिवलं नं भाऊ. हे पाहा, वरतीच आहे.” दिव्यानीने पडद्यावर बोट ठेवलं. “रोल. रोलचाच कॉलम असते बायोडाट्यात. तुमचे सगळे रोल त्याच्यातच टाकले. इन्स्पेक्टर अकरा वर्षं, कलेक्टर दोन हंगाम. डॉक्टरचा एकच होता म्हणून गाळला.”

डॉक्टर गाळला गेला याबद्दल निकेशने मनातल्या मनात तिचे आभार मानले. पण खाली आणखी मजकूर होता. निकेशने लिहिलं होतं, ‘तीन हजार लोकांना पहाटेपर्यंत जागेवर बसवून ठेवतो.’ दिव्यानीने त्याचं ‘रात्रीच्या वेळी तीन हजारांचा जमाव नियंत्रणात ठेवण्याचा अनुभव’ असं केलं होतं. वडशाच्या एका मंडळाने त्याला इन्स्पेक्टरच्या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस दिलं होतं. अभिनय हा शब्द ओळीच्या शेवटी येत होता म्हणून गेला होता आणि ‘उत्कृष्ट इन्स्पेक्टर पुरस्कार’ उरला होता. कोपऱ्यात फोटो होता. निकेशच्या मोबाइलमध्ये चेहरा नीट दिसेल असा एकच फोटो सापडला होता, तो मेकअपमधला. दिव्यानीने तो मानेखाली कापला होता. डाव्या खांद्यावरचा एक तारा मात्र कात्रीत आला नव्हता.

ओळन् ओळ खरी होती. पान मात्र पूर्ण खोटं होतं.

“दिव्यानी, पोलीस नसून पोलीस म्हणून सांगितलं तं काय होते, ठाऊक आहे काय तुले?”

दिव्यानीने मोबाइलवर शोधलं. मग मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला आणि पंखा वाढवला. दुरुस्त केलेला बायोडाटा लगेच पाठवू, असं ती म्हणाली. पण कंपनीच्या संकेतस्थळाने तो घेतला नाही. एका उमेदवाराचा एकच बायोडाटा स्वीकारला जातो आणि तुमचा स्वीकारला गेला आहे, अभिनंदन, असं तिथे लिहून आलं.

मग फोन करणं हाच एक मार्ग होता. मंगळवारी सकाळी दहाला निकेशने घराच्या मागच्या बाजूला उभं राहून मॅडमना फोन लावला. आधी त्याने चार वाक्यं हिंदीत पाठ केली होती. पहिलंच वाक्य असं होतं: “मॅडम, एक गलती हुई, मैं इन्स्पेक्टर नहीं हूँ.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार बंद झालं. मग मॅडम जवळजवळ कुजबुजल्या, “समझ गई, सर. फोन पर नहीं.”

बाकीची तीन वाक्यं राहून गेली.

रश्मीने सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, आणि त्यामुळे निकेश जास्त घाबरला. तिने त्याला जेवायला वाढलं. मग समोर बसून म्हणाली, “गुरुवारी जा. तोंडानं खरं सांगा. कागद दिव्यानीचा आहे, पण तोंड तं तुमचं आहे नं.”

गुरुवारी सकाळी सव्वासहाच्या एसटीत निकेशच्या शेजारी गुणवंतराव येऊन बसले. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले जमादार, निकेशच्याच गल्लीत राहायचे. खरे पोलीस. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हापासून घरात बसून त्यांना घर आवडेनासं झालं होतं आणि घराला ते. त्यांनीही याच जागेसाठी अर्ज केला होता. दिव्यानीची मदत त्यांनी घेतली नव्हती. त्यांचा बायोडाटा दोन ओळींचा होता: ‘पोलीस खात्यात छत्तीस वर्षे नोकरी केली. एकही खाडा नाही.’ त्यांना कोणी फोन केला नव्हता.

“बोलावलं नाई तं काय झालं. जाऊन पाहू. हाकलून तं देणार नाई,” ते म्हणाले. मग त्यांनी निकेशच्या गुडघ्याची चौकशी केली.

निकेशला सल्यूट गुणवंतरावांनीच शिकवला होता. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या अंगणात त्याच्याकडून तो दोनशे वेळा करून घेतला होता. तेव्हापासून चहाच्या टपरीवर निकेश दिसला की गुणवंतराव उभं राहून, टाच आपटून त्यालाच सल्यूट करायचे, आणि निकेशही उठून तसाच परत करायचा. टपरीवरचे लोक हसायचे. ही गंमत इतकी जुनी झाली होती की आता कोणी हसत नसे, पण गुणवंतरावांचा हात वर जायचा राहिला नव्हता.

वरोऱ्यापर्यंत निकेशने त्यांना काही सांगितलं नाही. माणूस खरा पोलीस होता, आणि आपण खोटा पोलीस असल्याचा कागद कंपनीत पडला आहे हे त्याच्याशीच कसं बोलावं, हे त्याला सुचेना. सांगायला हवं होतं, असं तो पुढे अनेकदा म्हणाला.

यार्डाच्या फाटकावर अकराला दहा कमी असताना निकेशचं नाव विचारण्यात आलं. नाव सांगताच फाटकावरच्या माणसाने बिडी विझवली. आत वजनकाट्यावर ट्रकांची रांग होती. निकेश लंगडत पुढे गेला तसतशी रांगेतली कुजबुज थांबत गेली. एका ट्रकवर दोघे जण घाईघाईने ताडपत्री ओढत होते. गुणवंतरावांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं गेलं.

मॅनेजर बाहेरच्या राज्यातले होते आणि त्यांना इथे येऊन आठ महिने झाले होते. त्यांनी निकेशला खुर्ची दिली. मॅडम कोपऱ्यात उभ्या राहिल्या. निकेशने बसण्याआधीच वाक्य म्हणून टाकलं, बसल्यावर धीर राहणार नाही म्हणून. “सर, मैं नाटक का इन्स्पेक्टर हूँ.”

मॅनेजरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान किंचित हलवली, बघा, मी म्हटलं नव्हतं का, अशी. मॅनेजरांनी उठून दार लावलं आणि समोरचा संगणक बंद केला.

“कैसा नाटक?” त्यांनी विचारलं.

निकेशने सांगितलं. झाडीपट्टीतली नाटकं, वडशाच्या कंपन्या, धान कापून झालेल्या शेताच्या बांधीत उभे राहणारे पेंडॉल, थंडीत चादरी पांघरून बसणारे लोक. मॅनेजरांनी शांतपणे प्रश्न विचारले. तिकीट असतं का? असतं. लोक किती येतात? दोन हजार, कधी तीन. गाव केवढं असतं? आठशे-हजार वस्तीचं. मग तीन हजार येतात कुठून? आजूबाजूच्या गावांतून, ट्रॅक्टरने, बैलबंडीने. आणि थांबतात किती वेळ? सकाळी पाचपर्यंत.

“मोबाइल के ज़माने में,” मॅनेजर म्हणाले.

“हां सर. पिछले साल एक सौ चार नाटक किये.”

मॅनेजर हसले. आपल्याशी कोणी खोटं बोलत आहे, आणि तेही फार तयारी न करता, हे ओळखलेल्या माणसाचं ते हसू होतं. इन्स्पेक्टर असल्याचा बायोडाटा पाठवायचा, मग फोन करून नाही म्हणायचं, आणि समोर बसून ही गोष्ट सांगायची. गुप्त तपासावर आलेल्या अधिकाऱ्याला याहून बरी गोष्ट वरिष्ठांनी शिकवायला हवी होती, असं त्यांना वाटलं असावं. यार्डातून बाहेर जाणाऱ्या ट्रकांच्या वजनाबाबत त्यांच्या मनात आधीपासून काय होतं, ते त्यांनाच ठाऊक.

निकेशला वाटलं, यांना पटत नाही कारण यांनी पाहिलं नाही. त्याने दोन ओळी म्हणून दाखवण्याची परवानगी मागितली. मॅनेजर हो किंवा नाही म्हणण्याआधीच तो उभा राहिला. ‘सासूबाई, पोलीस आले’मधला चौथा अंक. नाटकातला खलनायक धानाचा व्यापारी असतो आणि इन्स्पेक्टर त्याच्या गोदामात शिरतो. निकेशचं शिक्षण विनामाईकचं होतं. त्याने मॅनेजरांच्या टेबलावर हात ठेवला, डोळ्यांत डोळे घातले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“तुझ्या काट्यात खोट आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज मी एकटा आलोय. उद्या एकटा येणार नाही.”

खोलीच्या काचा थरथरल्या. बाहेर वजनकाट्यावर चाललेलं यंत्र कोणीतरी बंद केलं. मॅडमच्या हातातली फाइल खाली पडली. मॅनेजरांच्या कपाळावर घाम आला. मराठी त्यांना फारसं येत नव्हतं, पण ‘काटा’ हा शब्द त्यांच्या रोजच्या कामातला होता.

निकेश खाली बसला. आता पटलं असेल, असं त्याला वाटलं. आवाज आज चांगला लागला होता.

मॅनेजरांनी रुमालाने तोंड पुसलं आणि शेवटचा एक प्रयत्न केला. बाहेर बाकावर बसलेल्या वयस्कर माणसाला आत बोलवा, असं ते मॅडमना म्हणाले. तो याच्यासोबत आला आहे, त्याला विचारू. गुणवंतराव आत आले. टोपी काढून दाराशी उभे राहिले.

“आप क्या करते थे?” मॅनेजरांनी विचारलं.

“पुलिस में था, साब. जमादार. छत्तीस साल.” त्यांनी खिशातून निवृत्तीचं ओळखपत्र काढून दाखवलं. ते खरं होतं, त्यावर खरा शिक्का होता. मॅनेजरांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं.

“और ये कौन हैं?”

गुणवंतरावांनी निकेशकडे पाहिलं. निकेशने डोळ्यांनी विनवणी केली. गुणवंतरावांनी तिचा अर्थ आपल्या परीने लावला. त्यांनी टोपी घातली, पोट आत घेतलं, टाच आपटली आणि असा सल्यूट ठोकला की टेबलावरचा चहाचा कप बशीत फिरला.

“हमारे इन्स्पेक्टर साहब हैं,” ते म्हणाले.

मुलाखत तिथेच संपली. काजू आले, पुन्हा चहा आला. मॅनेजरांनी निकेशला यार्डातली रजिस्टरं पाहायची आहेत का असं विचारलं. तो नको म्हणाला, तर ते आणखी अस्वस्थ झाले. वरोऱ्याच्या बसस्टँडपर्यंत दोघांना कंपनीच्या गाडीने सोडण्यात आलं. गाडीच्या चालकाने वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

बसमध्ये बसल्यावर निकेशने सगळं सांगितलं. गुणवंतरावांनी ते मान खाली घालून ऐकलं.

“मले का मालूम,” ते म्हणाले. “मले वाटलं, तू ओळख दे म्हणून राह्यला.”

“भाऊ, ते चहाच्या टपरीवर ठीक आहे नं. कंपनीत कोणी सल्यूट करते काय?”

“हात गेला बा.” गुणवंतराव खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, “छत्तीस वर्षांत बारा साहेब झाले माह्ये. सगळ्याइले सल्यूट केला. तुह्यासारखा वापस कोणीच नाई केला. खुर्चीवरूनच मान हालवत.”



पुढच्या मंगळवारी दुपारी दिव्यानीचा फोन आला. कंपनीची मेल आली होती. तिने ती वाचून दाखवली आणि निकेशने तिला तीन वेळा वाचायला लावली. त्याची निवड झाली होती. पर्यवेक्षक म्हणून नाही, ‘सुरक्षा सल्लागार’ म्हणून. कामाचं स्वरूप एका ओळीत दिलं होतं: मुख्य कार्यालयात बसणे; वजनकाट्याच्या परिसरात जाण्याची आवश्यकता नाही. सुट्ट्यांमध्ये दिवाळीनंतरचा आठवडा होता. त्याखाली आणखी एक ओळ होती. ‘आपले सहकारी जमादार श्री. गुणवंतराव यांची सुरक्षा पर्यवेक्षक पदासाठी निवड करण्यात येत असून, त्यांची नेमणूक आपण रुजू झाल्यावर अमलात येईल.’

गुणवंतरावांना हे कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात दोरीवर खाकी पँट वाळत घातलेली दिसली. जुनीच होती, पण इस्त्रीला द्यायच्या आधी धुतली होती.

मेलसोबत रुजू होण्याचा अर्ज होता. बावीस रकाने. तो शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. त्यावर दोन सूचना होत्या, ठळक अक्षरांत. पहिली: हा अर्ज बायोडाट्याच्या प्रतीसह उमेदवाराच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे पडताळणीसाठी जाईल. दुसरी: अर्जातल्या माहितीत आणि बायोडाट्यात तफावत आढळल्यास निवड रद्द होईल. आणि बाविसावा रकाना होता, ‘मागील संस्थेतील भूमिका’.

निकेश अर्ज घेऊन घरी आला तेव्हा रश्मीने तो वाचला. तिने आधी सूचना वाचल्या, मग रकाने, मग पुन्हा सूचना.

“इन्स्पेक्टर लिवलं तं ठाण्यात केस होते,” ती म्हणाली.

“हो.”

“नट लिवलं तं तफावत होते.”

“हो.”

“आन मग गुणवंतभाऊंची नोकरीही जाते.”

निकेशने मान हलवली.

ठाण्यात दोन महिन्यांपूर्वी नवे ठाणेदार आले होते, साताऱ्याकडचे. झाडीपट्टीचं नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं, कारण हंगाम अजून सुरू झाला नव्हता. माणूस कडक आहे पण ऐकून घेतो, असं गुणवंतरावांनी जुन्या ओळखीतून काढून आणलं. आपण आधीच ठाण्यात जाऊन सगळं सांगून येतो, असंही ते म्हणाले. निकेशने त्यांना हात जोडले आणि ठाण्यात कोणालाही, कोणत्याही कारणासाठी, सल्यूट करू नका, असं सांगितलं.

दिव्यानीचं मत वेगळं होतं. भूमिका म्हणजे मत असंही होतं, पेपरात नाही का येत, अमक्या पक्षाची भूमिका. तिथे ‘प्रामाणिक’ असं लिहून टाका, म्हणजे खोटंही नाही आणि तफावतही नाही, असं ती म्हणाली. सूचना मूर्खपणाची आहे की फार हुशारीची, हे निकेशला ठरवता येईना.

गुरुवारी मुखरूजींचाही फोन येऊन गेला. सासऱ्याचं काम अजून कोणाला दिलं नव्हतं. नवीन नाटकात सासरा दुसऱ्याऐवजी तिसऱ्या अंकात मरेल, एवढी सवलत ते द्यायला तयार होते. उत्तर रविवारपर्यंत हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापर्यंतची माहिती अशी. अर्ज घरातल्या टीव्हीखालच्या टेबलावर आहे. एकवीस रकाने निकेशने स्वतःच्या अक्षरात भरले आहेत. बाविसाव्या रकान्यात त्याने एकदा पेन टेकवलं होतं, त्याचा निळा ठिपका तिथे आहे. मुलगी शेजारी बसून अभ्यास करते आहे. तिने बापाला विचारलं की भूमिका म्हणजे काय, परीक्षेत आलं आहे. तो म्हणाला, सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी गुणवंतराव दारात आले. काय ठरलं, असं त्यांनी विचारलं नाही. इस्त्री केलेली खाकी पँट त्यांच्या हातात घडी करून होती. पँट डाव्या हातात घेऊन त्यांनी उजवा हात अर्ध्यापर्यंत वर नेला आणि तिथेच थांबवला.

निकेश अजून उठलेला नाही.